एकच स्टेपनी होती!

रूममेटचं पुण्याचं तिकीट निघालं, कायमचं. कॅलिफोर्नियात आठ वर्षं एकाच फ्रिजमध्ये आपापलं दूध ठेवणारे आम्ही दोघं. जायच्या आधी एकदा डेथ व्हॅलीतल्या रेसट्रॅकला जायचं, एप्रिलची अमावास्या गाठायची आणि चालत्या दगडांवरची आकाशगंगा टिपायची, असा प्लॅन ठरला.

रेसट्रॅक म्हणजे वाळलेलं तळं. दगड सरकत गेल्याच्या लांबच लांब रेघा मातीवर उमटलेल्या. हे कोडं २०१४ मध्ये सुटलं. हिवाळ्यात साचलेल्या पाण्यावर बर्फाचा पातळ थर धरतो, उन्हानं तडकतो आणि हलक्या वाऱ्यावरही त्याच्या लाद्या दगडांना ढकलत नेतात.

तिथवरचा रस्ता म्हणजे उबेहेबे विवरापासून सुमारे ४३ किलोमीटर खडी. पन्हाळी पत्र्यावरून गाडी नेल्यासारखा खडखडाट! दगडांना धार, मोबाइलला रेंज नाही.

टीकेटल जंक्शनला पोचलो आणि फस्स! येणाऱ्या-जाणाऱ्यांनी किटल्या टांगलेली ती फेमस पाटी. रेसट्रॅक तिथून फक्त दहा किलोमीटर. जॅक मातीत रुतायला लागला, तेव्हा त्याच्याखाली कांदा चिरायचा चॉपिंग बोर्ड सरकवला. स्टेपनी चढेपर्यंत रात्रीचे दहा वाजले.

‘चल, पुढे,’ मी म्हटलं.

‘ही एकच होती. पुढे दुसरा फुटला तर?’

‘अरे, तू चाललायस! पुन्हा कधी येणार?’

‘म्हणूनच. आईला मी धडधाकट पोचायला हवाय.’

तासभर अबोला. मग त्यानंच ट्रायपॉड उघडला. पहाटे तीनला वृश्चिकेचा आकडा डोंगरावर आलेला, शेजारी आकाशगंगा. इतकी ठसठशीत, की वाद कशावरून होता तेच विसरलो. एफ २.८, पंचवीस सेकंद, आयएसओ ३२००. तो किटल्यांपाशी उभा राहिला. ‘हलू नकोस’ म्हटल्यावर नेमका हसला. फोटोत तारे शार्प, त्याचा चेहरा हललेला.

तोच फोटो आज माझ्या डेस्कवर आहे.

तुम्ही जाणार असाल, तर भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा. बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते. उंच गाडी, भरपूर पाणी आणि एक नाही, दोन स्टेपन्या घ्या. कधी परतणार, ते कुणाला तरी सांगून निघा.

आमचे दगड मात्र राहिलेच. ‘ते कुठे पळून जातात’ म्हणायचीही सोय नाही. हे खरंच पळतात!