दोन ओळींतलं अंतर

निलंग्यात मी अर्धवेळ शिक्षिका. अक्षराचा भारी अभिमान! सासूबाईंच्या गोळ्यांचा तक्ता हौसेनं संगणकावर केला. एका पानात बसावा म्हणून ओळी दाटल्या. सासूबाईंनी झोपेची गोळी सकाळीच घेतली अन् दिवसभर पेंगल्या. ‘ओळ चुकली गं माझी,’ म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्हीही पाहा, आपल्या वेलांट्या-मात्रा वर जातात, उकार खाली उतरतात. इंग्रजीपेक्षा ओळींत जास्त जागा लागते. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी संगणकासाठी घडवलेल्या ‘मंगल’ टाइपात तक्ता पुन्हा केला. अक्षर मोठं, फक्त वेळ ठळक, सकाळ-रात्रीमध्ये बोटभर मोकळी जागा. नक्षीची चौकट मात्र जिवावर येऊन काढली. आता सासूबाई स्वतःच वाचून गोळी घेतात.