वऱ्हाडी मंडळींस सविनय सूचना

'लग्नास सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे' एवढ्या एका ओळीवर पूर्वी लग्नं पार पडत. हल्ली तसं भागत नाही. कसं यावं, कुठं उतरावं, बरोबर काय आणावं, याचं स्वतंत्र पत्रक पत्रिकेला जोडावं लागतं. डिसेंबर २०१७ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी इटलीतल्या टस्कनीत जाऊन लग्न केलं, आणि पाठोपाठ आपल्या मध्यमवर्गालाही 'डेस्टिनेशन वेडिंग'ची लागण झाली. सगळ्यांनी आपापली घरं सोडून लांबच्या गावी जमायचं आणि तिथं जेवायचं, असा त्याचा साधारण अर्थ. यात नवीन काय, ते मला अजून कळलेलं नाही. आमच्याकडं याला 'वऱ्हाड' म्हणतात.

माझ्या चुलतभावाच्या मुलीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं लग्न गेल्या मे महिन्यात मानवत तालुक्यातल्या आमच्या खेड्यात झालं. मुलाकडचे पुण्याचे. आमची निम्मी माणसं मुंबई, नाशिक, हैदराबादला पांगलेली. मी बी.कॉम. आणि वर बँकेत कारकून. तेव्हा पत्रक काढण्याचं काम माझ्याकडं आलं. 'आज नेट बंद आहे' ही पाटी जो माणूस वळणदार अक्षरात लिहू शकतो, तो काहीही लिहू शकतो, अशी आमच्या घरात समजूत आहे. ते पत्रक गरजूंच्या उपयोगासाठी इथं खुलाशासह देतो.

पहिली सूचना प्रवासाची. मुंबईकरांनी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरावी, किंवा दिवसा जागं राहायची हौस असेल तर तपोवन. अंतर साडेपाचशे किलोमीटर. १९९०च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत मनमाडला गाडी बदलावी लागे. ट्रंका, वळकट्या आणि करवल्या मोजून छोट्या गाडीत चढवाव्या लागत. वडील सांगतात की, निम्म्या सोयरिकी त्या फलाटावरच जुळल्या. आता ती सोय राहिली नाही. मात्र परभणीला वेळेवर जागं व्हावं. डोळा लागला तर गाडी पूर्णेला नेऊन सोडते. 'परभणी' आणि 'परळी' ही दोन वेगळी गावं आहेत, हेही तिकीट काढण्यापूर्वी लक्षात घ्यावं.

'मानवत रोड' नावाचं स्टेशन पाहून कुणी हुरळून जाऊ नये. ज्या स्टेशनच्या नावात 'रोड' असतो, तिथं स्टेशन असतं, रोडही असतो. फक्त गाव नसतं. गावासाठी पुढं रिक्षा करावी लागते.

पुण्याहून मोटारीनं येणाऱ्यांनी आता अहिल्यानगर झालेलं नगर, मग बीड, माजलगाव, पाथरी असं यावं. वाटेत रस्ता विचारला तर 'हे काय, जवळच हाय' असं उत्तर मिळेल. मराठवाड्यात 'जवळच' म्हणजे पाच ते पंचवीस किलोमीटर, आणि 'थोडं लांब हाय' म्हणजे मुक्कामाची तयारी ठेवावी.

दुसरी सूचना ऋतूची. 'मे महिन्यात का लग्न ठेवता?' असं पुण्याहून तीनदा विचारलं गेलं. कारण सोपं आहे. कापूस, तूर, हरभरा विकून झालेला असतो आणि मृगाची पेरणी व्हायची असते. शेतकऱ्याच्या हाती पैसा आणि सवड एकाच वेळी असण्याचे वर्षातले एवढेच दिवस. त्याच दिवसांत सूर्यही आमच्याकडं मुक्कामाला असतो, त्याला इलाज नाही. पाहुण्यांनी टोपी, उपरणं आणि खिशात एक कांदा ठेवावा. कांद्यानं ऊन लागत नाही, असं म्हणतात. निदान शेजारी कुणी फार वेळ बसत नाही, एवढं मी अनुभवानं सांगतो.

पाण्याबद्दल मात्र चेष्टा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, हे आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. तेव्हा आंघोळ एका बादलीत उरकावी आणि बादलीत गाणं म्हणून होईल एवढंच म्हणावं.

तिसरी सूचना वेळेची. पत्रिकेत मुहूर्त 'दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे' असा असेल. ही पस्तीस मिनिटं फक्त गुरुजींसाठी असतात. अक्षदा पडण्यापूर्वी व्यासपीठावरच्या मान्यवरांचे शुभाशीर्वाद होतात. प्रत्येक जण 'मी दोनच शब्द बोलणार' म्हणून उभा राहतो, आणि ते दोन शब्द कोणते हे शेवटपर्यंत समजत नाही. निवडणूक जवळ असेल तर सोबत खाऊचा डबा ठेवावा.

चौथी सूचना स्थलदर्शनाची. गंगाखेडला संत जनाबाईंचं गाव म्हणून गोदाकाठी जाऊन यावं. पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान मानलं जातं. पण जानेवारी २०२० मध्ये या विषयावर शिर्डी बंद राहिली होती, तेव्हा शिर्डीकडचे पाहुणे पंगतीत असतील तर आपण मुकाट्यानं वरणावर लक्ष द्यावं. परभणीत १९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे. 'परभणी क्रांती' नावाची भेंडी तिथलीच. क्रांती करायची आणि ती भाजीत करायची, हे आमच्या जिल्ह्याच्या स्वभावाला धरूनच झालं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लग्न असेल तर तुराबुल हक दर्ग्याचा उरूस असतो. तेव्हा परभणीत खोली मिळेल या भरवशावर येऊ नये.

आता पाचवी आणि अवघड सूचना, निवासाची. वरपक्षाच्या उतरण्याच्या जागेला आपल्याकडं जानवसा म्हणतात. पूर्वी शाळेचे दोन वर्ग, सतरंज्या आणि कोपऱ्यात माठ एवढा जानवसा असला की, विहीणबाई एकदाच रुसत. या वेळी पुण्याहून, नवऱ्या मुलाच्या मामांकडून, टाइप केलेली यादी आली. वातानुकूलित खोल्या वीस, रात्री दोन. खाली टीप : 'संडास इंग्लिश पद्धतीचा असावा.'

यादी मी दादाला वाचून दाखवली. तो ओट्यावर बसून मांडववाल्याचे पैसे मोजत होता. म्हणाला, "लिही समदं. न्हाई म्हनू नगंस. लेकीचं काम हाय."

मी लिहिलं, पण बँकेतल्या माणसाच्या हाताला बेरीज करायची खोड असते. परभणीत एका खोलीचा भाव दोन हजार. वीस खोल्या, दोन रात्री : ऐंशी हजार. दादाचं थकलेलं पीककर्ज एक लाख दहा हजार. दोन्ही आकडे एकाखाली एक मांडले आणि पुढं लेखणी चालेना.

शेवटी आमच्या काकूंनी निकाल दिला. "लॉज कशापायी? पाव्हणे काय कोर्टाच्या तारखेला येऊ लालेत?" आणि त्या पदर खोचून बाहेर पडल्या. संध्याकाळपर्यंत अकरा घरं मोकळी झाली होती. पाटलांचा माडीचा वाडा, मास्तरांची नवी खोली, बागवानांचं कूलरवालं घर. मी पुण्याला कळवलं : 'निवासाची व्यवस्था अकरा ठिकाणी केली आहे. सर्व ठिकाणी यजमान चोवीस तास उपलब्ध आहेत.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. पाहुण्यांना ते हॉटेल वाटलं, तर तो मराठी भाषेचा मोठेपणा.

मामांच्या वाट्याला सत्तरीपुढच्या एका आजींचं घर आलं. रात्री दोनला वीज गेली. सकाळी मामा मला शोधत आले. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. ते खिशातून पाकीट काढून म्हणाले, "रात्रभर त्या म्हातारबाई सुपानं वारा घालत बसल्या होत्या हो. मला पहाटे कळलं. त्यांचं काय द्यायचं?"

मी त्यांना आजींकडंच घेऊन गेलो. आजी चुलीपुढं होत्या. पाकिटाकडं पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "ठिवा ते. तुमी दोन राती ऱ्हानार. आमची लेक जलमभर ऱ्हायला येऊ लाली तुमच्याकडं. रातच्याला लाईट गेली तर तिला बी कुनी वारा घालतं का, तेवढं बगा."

मामांनी पाकीट खिशात ठेवलं. त्या दिवशी पंगतीत ते वाढायला उभे होते, आणि वराकडचा माणूस वाढतो म्हणून आमच्या लोकांनी त्यांना तीनदा बुंदी आणायला पिटाळलं.

मला मात्र माझं पत्रक आठवलं. दोन रात्री राहणाऱ्यांसाठी मी चार पानं सूचना लिहिल्या होत्या. जी कायमची राहायला चालली होती, तिला कोणती गाडी, कुठलं अंथरूण, आंघोळीला किती पाणी, याबद्दल कुणीच कुणाला पत्रक पाठवलेलं नव्हतं.

१ एप्रिल २०१७ रोजी हैदराबाद स्टेट बँक स्टेट बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, पासबुकं बदलली. पण आमच्या गावातली म्हातारी माणसं अजूनही 'हैदराबाद बँकेत जाऊन येतो' असंच म्हणतात. माहेरचं नाव कागदावरून जातं, माणसांच्या तोंडून जात नाही.

तेव्हा पत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत मी सहावी सूचना घातली आहे. वरपक्षानं परत जाताना आपलं सामान मोजून घ्यावं. टॉवेल, चार्जर, चपला राहिल्या तर मागाहून पाठवता येतात. नवी सून बरोबर आहे, तिला खिडकीची जागा द्यावी. परभणी मागं पडेपर्यंत ती बाहेर बघत राहील. तेवढा वेळ तिच्याशी कुणी बोलू नये.