ब्रह्मांडाच्या नावानं विकलं जाणारं जुनं प्रारब्ध

लोणावळ्यात चिक्कीच्या खालोखाल काय विकलं जात असेल तर ती मनःशांती. डोंगर, धुकं, धरणाचं पाणी आणि मुंबई-पुण्यापासून जवळचं अंतर. शिबिरांना याहून सोयीची जागा कुठली मिळणार? यातले सगळेच भोंदू आहेत असं मी म्हणत नाही. पण अलीकडे काही शिबिरांची भाषा बदलली आहे. पूर्वी देव, नवस, ग्रहदशा असायची. आता 'ब्रह्मांड', 'ऊर्जा', 'कंपनं', 'क्वांटम' हे शब्द असतात. पडद्यावर आकाशगंगेचं चित्र दाखवायचं आणि सांगायचं: ब्रह्मांडाकडे मागा, ब्रह्मांड देतं. मिळालं नाही तर तुमच्या विचारांची कंपनं कमी पडली.

हा प्रकार बंगल्यांतल्या लोकांपुरता होता तोवर मी दुर्लक्ष करत होतो. आता तो आपल्या वस्त्यांत पोचला आहे, म्हणून लिहितो आहे.

माझा एक भाचा कामशेतजवळ राहतो. तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेनं धावणारी जी पोरं दिसतात, त्यातलाच एक. दोनदा मैदानी चाचणी पार केली, लेखी परीक्षेत थोडक्यात गेलं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तो एका शिबिराला गेला. तीन दिवसांचे सहा हजार रुपये. माझ्या बहिणीनं बचत गटातून उचल घेऊन भरले. पोरगा परत आला तो एक वही घेऊन. रोज रात्री एकवीस वेळा लिहायचं, 'मी पोलीस झालो आहे.' 'होईन' लिहायचं नाही. शंका आली की ब्रह्मांडाला चुकीचा संदेश जातो म्हणे. सराव परीक्षेत गुण कमी पडले की शंका येणारच, म्हणून त्यानं सराव परीक्षा देणंच बंद केलं. पुढच्या भरतीची यादी लागली, त्यात नाव नव्हतं. तेव्हा त्यानं मला विचारलं, "मामा, खोट माझ्या विचारातच असेल का?"

मित्रांनो, या प्रश्नाकडे नीट बघा. भरती किती वर्षांनी निघाली, जागा किती होत्या, क्लासची फी कुणाला परवडली, वस्तीत अभ्यासिका आहे का, घरी रात्री अभ्यासाला कोपरा मिळतो का, हे सगळे प्रश्न त्या वहीनं पुसून टाकले. आरोपी एकच उरला, आमच्या पोराचं मन.

हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आजोबा-पणजोबांना हेच ऐकवलं गेलं: तू गावकुसाबाहेर आहेस ते तुझ्या मागच्या जन्मीच्या पापामुळं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या या सिद्धांताची चिरफाड केली आहे. गरीब आणि खालच्या मानल्या गेलेल्या माणसाच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला आणि राज्यसंस्थेला झटकता यावी, यापलीकडे या सिद्धांताचा दुसरा हेतू त्यांना दिसला नाही. आता 'पूर्वजन्म' काढा आणि तिथं 'कंपनं' घाला. वाक्य तेच राहतं, फायदा त्याच लोकांचा होतो. फरक इतकाच की पूर्वी दक्षिणा रोख लागायची, आता ऑनलाइन चालते.

या लोकांनी आकाशाचा आधार घेतला आहे, तर आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांनाच विचारू या.

चांद्रयान-२चं लँडर ७ सप्टेंबर २०१९ला चंद्रावर उतरताना कोसळलं. चांद्रयान-३चं लँडर २३ ऑगस्ट २०२३ला सुखरूप उतरलं. दोन्ही मोहिमांआधी इस्रोची मंडळी देवदर्शनाला गेली होती, बातम्या आल्या होत्या. म्हणजे प्रार्थना दोन्ही वेळा झाली. मग बदललं काय? पहिल्या वेळी काय चुकलं याचा शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला. लँडरचे पाय अधिक मजबूत केले. इंधन वाढवलं. संगणकाच्या आज्ञावलीत सुधारणा केल्या. उतरायची जागा आधी सुमारे ५०० मीटर लांब-रुंद धरली होती, ती काही किलोमीटरची केली. काय काय बिघडू शकतं याची यादी करून त्यावर यान बेतलं. शंका हेच त्या यशाचं भांडवल होतं. 'यान उतरलं आहे' असं एकवीस वेळा लिहून ते उतरलं नाही. शंका घेऊ नकोस असं सांगणारा माणूस विज्ञानाचे शब्द वापरत असेल, पण विज्ञानाच्या बरोबर उलट्या दिशेला नेतो.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं. २००८ साली दिवंगत शास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे पत्रिका जमवल्या. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, त्यातल्या २७ जणांनी उत्तरं पाठवली. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या होत्या. प्रश्न एवढाच: यातलं हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं? बरोबर उत्तरांची सरासरी आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती. ग्रहांना पोराची बुद्धी ठाऊक नसते, त्याची जातही ठाऊक नसते. याच दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला. त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. माणसाला विचार करायला लावणं या जिल्ह्यात किती महाग पडतं, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. १९५७ साली बाबासाहेबांचा धम्मग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झाला. त्याच वर्षी नारळीकरांचे पुढे गुरू झालेले फ्रेड हॉईल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड यांसारखी मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात कशी तयार होतात, हे त्यात मांडलं होतं. आपल्या रक्तातलं लोखंड ताऱ्यांत घडलेलं आहे. पुजाऱ्याच्या रक्तातलं तिथलंच आणि सफाई कामगाराच्या रक्तातलंही तिथलंच. मग कुणाच्या सावलीनं कोण बाटतो? आकाशाचा संदेशच हवा असेल तर हा घ्या. सोवळ्याओवळ्याच्या मुळावर याहून मोठा घाव मला माहीत नाही. शिबिरात आकाशगंगा दाखवतात, पण हे सांगत नाहीत.

यावर काही जण म्हणतील, बुद्धानं तर विश्वाबद्दलच्या प्रश्नांना उत्तरंच दिली नाहीत. खरं आहे. विश्व शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही, हे सांगा नाहीतर मी निघालो, असं मालुंक्यपुत्तानं बजावलं. तेव्हा बुद्धानं त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण मारणारा कोण, धनुष्य कसलं, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस मरून जाईल. याचा अर्थ दुर्बीण फोडा असा होत नाही. दुःख समोर असताना अटकळींवर धर्म उभारू नका, असा होतो. बाबासाहेबांनी अधम्माची यादी दिली, त्यात आत्मा आणि ईश्वराच्या जोडीला अटकळींवरच्या श्रद्धेलाही बसवलं, ते याच कारणानं.

दुसरी कथा रोहितस्साची. तो आकाशातून चालणारा ऋषी होता. जगाचा शेवट गाठायचा म्हणून शंभर वर्षं चालत राहिला आणि वाटेतच मेला. बुद्धानं त्याला सांगितलं ते थोडक्यात असं: चालून जगाचा शेवट सापडत नाही, आणि तो गाठल्याशिवाय दुःखही संपत नाही, पण ते जग, त्याचं कारण आणि त्याचा निरोध या साडेतीन हातांच्या जाणत्या देहातच आहे. मन तपासायचं ते असं, स्वतःच्या देहात, जागेपणी.

म्हणून मन शांत करण्याच्या प्रयत्नांना माझा विरोध नाही. श्वासाकडे लक्ष देऊन बसण्याचा उपयोग होतो, मीही बसतो. याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. आसनं आणि प्राणायामाचे दावे त्यांनी क्ष-किरणांनी आणि मोजमापांनी तपासायला घेतले, त्यासाठी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. त्यांची धार्मिक बैठक माझी नाही. पण दावा केला तर तो उपकरणापुढे ठेवायची तयारी त्यांनी दाखवली. आजच्या ऊर्जावाल्यांकडे मी तेवढीच मागणी करतो.

आणि मन आजारी पडलं तर? आमच्या वस्तीतली एक मावशी बाळंतपणानंतर स्वतःशीच बोलायची, बाळाला जवळ घेईना. घरच्यांनी अंगारे झाले, देवऋषी झाला, मग एक 'ऊर्जा उपचार' करणारा आणला. त्यात पाच महिने गेले. शेवटी तिच्या नणंदेनं हट्टानं पुण्याला सरकारी रुग्णालयात नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत मावशीनं लेकराला मांडीवर घेतलं. मनाचा आजार हा आजार आहे, साखरेसारखा, रक्तदाबासारखा. त्याला डॉक्टर आहे, औषध आहे. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर विहाराच्या फलकावर लिहा.

पण सगळंच दुःख गोळीनं जात नाही, हेही तितकंच खरं. रोहित वेमुला आठवा. त्याचं विज्ञानावर, ताऱ्यांवर, निसर्गावर प्रेम होतं. कार्ल सेगनसारखं विज्ञानलेखन करायचं हे त्याचं स्वप्न होतं. माणसाला इथं मन म्हणून वागवलंच जात नाही, ही त्याची वेदना होती. १७ जानेवारी २०१६ला तो गेला. विद्यावेतन अडकवलेलं आणि वसतिगृहातून बाहेर काढलेलं, अशा पोराला कंपनं वाढव म्हणून सांगणं हा निर्लज्जपणा झाला असता. बाण कुणी मारला हे तिथं विचारावंच लागतं, कारण तो मारणारा अजून बाण मारतोच आहे. मनाला उपचार हवेत आणि समाजाला बदल हवा. दोन्ही कामं आपलीच आहेत.

भाच्याला मी सांगितलं, खोट तुझ्या विचारात नाही. वही बंद कर, सराव परीक्षा सुरू कर, कुठल्या विषयात गुण जातात ते मांड. आणि भरती वेळेवर निघावी म्हणून तहसीलवर मोर्चा निघेल तेव्हा तिथंही ये. ब्रह्मांडाकडे अर्ज करू नकोस, सरकारकडे कर. तिथं निदान आवक क्रमांक मिळतो.

मावळच्या तरुणांना आणखी एक सांगायचं आहे. आपला वारसा शिबिरांच्या पडद्यावर नाही, आपल्या डोंगरांत आहे. कार्ल्याच्या चैत्यात जाल तेव्हा खांबांवरचे आणि भिंतींवरचे शिलालेख बघा. त्यात दान देणाऱ्या माणसांची नावं आहेत: वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचे यवन, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सामी नावाचा सुतार. ब्रह्मांडाकडे मागत बसण्याऐवजी या माणसांनी पदरचं घातलं, हात चालवले आणि दोन हजार वर्षं टिकेल असं उभं केलं. त्याच मावळात, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ती मागणं मागायला बसवलेली नाही.

याच जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस, तिथं विज्ञान प्रदर्शन भरतं. येत्या वर्षी प्रत्येक विहारानं एक गाडी करून पोरांना तिकडं न्यावं. १४ एप्रिलच्या डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून एक साधी दुर्बीण घ्यावी. पौर्णिमेच्या वंदनेनंतर मुलांना तिच्यातून चंद्र दाखवावा, आणि तिथंच पाच मिनिटं शांत बसून श्वास बघायला शिकवावं. शंका विचारणाऱ्या पोराला गप्प करू नये. तो धम्माचंच काम करतो आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!