कोऱ्या फॉर्मवरची पार्शल

७ जुलै, सोमवार

डोंबिवलीच्या क्लिनिकचं खालच्या जबड्याचं माप आज आमच्या दातांच्या लॅबमधून परत पाठवलं. काटई नाक्यापासून शीळफाट्यापर्यंतच्या गर्दीत ते डिलिव्हरीवाल्याच्या बॅगेत पडून होतं, तेही ओल्या कापडाशिवाय. अल्जिनेट, म्हणजे ज्यात माप घेतात ते मटेरियल, बहुतेक पाणीच. उघडं राहिलं की आकसतं, पाण्यात बुडालं की फुगतं. तोंडातून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्यात स्टोन, म्हणजे मॉडेलचं कडक प्लास्टर, ओतला पाहिजे. कल्याण-शीळ रस्त्यावर तेवढ्या वेळात पलावासुद्धा मागे पडत नाही. म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय, मॉडेल क्लिनिकमध्येच ओता आणि मग पाठवा.

फॉर्मवर लिहिलेलं : ‘लोअर पार्शल, शेड ए-टू, अर्जंट.’ पार्शल म्हणजे काही दात नसतील तेव्हाची काढता-घालता येणारी कवळी. डिझाइनची चौकट कोरी. ही चौकट भरलेली क्वचितच दिसते.

९ जुलै, बुधवार

नवं मॉडेल आलं. दोन्ही बाजूंच्या दाढा नाहीत, पुढचे दात आणि उपदाढा शाबूत. एका जबड्यात १६ दात. प्रत्येक दात एकतर आहे नाहीतर नाही, म्हणजे ६५,५३६ प्रकारचे जबडे होऊ शकतात. दंतवैद्य एडवर्ड केनेडीने १९२५ मध्ये हा सगळा पसारा चार वर्गांत बसवला. त्यातला पहिला वर्ग हाच : दोन्हीकडे मागची जागा रिकामी आणि तिच्या मागे आधाराला दात नाही. नेहमी दिसणारा आणि सगळ्यांत नाठाळ. चावताना कवळीचा पुढचा भाग दातावर टेकलेला असतो आणि मागचा हिरडीवर. हिरडी दबते, दात जवळपास दबत नाही. कवळी मागे खाली जाते आणि क्लॅस्प, म्हणजे दाताला धरणारा आकडा, बिचाऱ्या उपदाढेला दर घासाला हलवत राहतो.

उपाय माहीत आहेत. मागे आधार नसेल तर रेस्ट, म्हणजे दातावर टेकणारी धातूची नखाएवढी टोच, उपदाढेच्या पुढच्या कडेला द्यायची. मग कवळी खाली गेली की क्लॅस्पचं टोक दाताला ओढण्याऐवजी त्याच्यापासून सुटतं. क्राटॉकविलने १९६३ मध्ये हा विचार मांडला आणि क्रोलने १९७३ मध्ये तो सुधारला. आमच्या धंद्यात आरपीआय म्हणतात तो हाच.

पण रेस्टसाठी दातात खळगी लागते, आणि ती माप घेण्याआधी डॉक्टरांनीच तोंडात करायची असते. मी मॉडेलवर कितीही कोरलं तरी तोंडातला दात आहे तसाच राहणार. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, ‘‘ताई, तुम्हीच बघून घ्या ना, तुमचं रोजचं काम आहे.’’

रोजचं आहे, पण तोंड मी बघितलेलं नाही. उपदाढ हलते का, जिभेखाली किती जागा आहे, हे दगडाच्या मॉडेलवरून कसं कळणार? लिंग्वल बारला, म्हणजे कवळीच्या दोन बाजू जोडणाऱ्या धातूच्या पट्टीला, जिभेखाली साधारण ८ मिलिमीटर उंची लागते. १९४८ च्या डेंटिस्ट्स अॅक्टने दंतवैद्य वेगळा आणि डेंटल मेकॅनिक वेगळा केला, तो याचसाठी.

११ जुलै, शुक्रवार

सर्व्हेअरवर, म्हणजे मॉडेल तपासायच्या यंत्रावर, दिवस गेला. मॉडेल किंचित तिरपं करायचं, दांडी दाताला लावायची आणि फुगवट्याची रेघ काढायची. क्लॅस्पचं टोक या रेघेखाली जातं. किती खाली, यावर सगळं. ओतीव कोबाल्ट-क्रोमच्या क्लॅस्पला पाव मिलिमीटरची खोली पुरते, कारण तो ताठ असतो; वाकवलेल्या तारेला अर्धा मिलिमीटर चालतो. पाव मिलिमीटर हातानं कळत नाही, गेजच लागतो.

मुंब्र्याहून दुसरं काम आलं, ड्रायव्हरचं. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, असं डॉक्टरबाईंनी लिहिलंय. गुटख्यानं गालाच्या आतली कातडी ताठ होते आणि जबडा आवळत जातो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. तरी शीळफाट्यावर पुड्या पायाखाली येतातच. अख्खा ट्रे तोंडात जात नाही म्हणून बाईंनी माप दोन भागांत घेतलं. कवळीही दोन तुकड्यांत करून तोंडात जोडायची. त्यांचा फॉर्म मात्र वाचण्यासारखा : रेस्ट कुठे, क्लॅस्प कोणत्या दातावर, बार कुठून, सगळं पेन्सिलनं काढलेलं. असं काम करायला हात आपोआप सरसावतो.

१५ जुलै, मंगळवार

अॅक्रिलिकच्या कवळ्यांचे साचे, म्हणजे फ्लास्क, पाण्यात शिजत असताना लाईट गेली. घाई करून उकळी आणण्यात अर्थ नाही. अॅक्रिलिकमधला द्रव मोनोमर १०० अंशांच्या जरा वर उकळतो. पाणी एकदम तापवलं तर जाड भागात बुडबुडे अडकतात आणि कवळी तिथेच मोडते. ७४ अंशांवर आठ तास हा सावकाश मार्ग, किंवा ७४ वर दोन तास आणि मग तासभर उकळी. आम्ही सावकाशच जातो. ज्यांना ‘अर्जंट’ हवं होतं त्यांना उद्या मिळेल.

१८ जुलै, शुक्रवार

डोंबिवलीचं ते पहिलं काम डॉक्टरांनी अखेर अॅक्रिलिकमध्येच मागितलं, रेस्टशिवाय, दोन तारा लावून. स्वस्त पडतं हे खरं, आणि दात लवकरच काढायचे असतील तर तात्पुरतं म्हणून योग्यही. पण हे तात्पुरतं नव्हतं. रेस्ट नसलेली पार्शल हिरडीत रुतत जाते आणि उरलेल्या दातांच्या मुळापासून हिरडी खरवडते. जे दात वाचवायचे, तेच आधी जातात. फॉर्मवर हे लिहून काम परत केलं.

यापुढे डिझाइनची चौकट कोरी असेल तर कायमची पार्शल करायची नाही. काही डॉक्टर दुसऱ्या लॅबकडे जातील, जाऊ देत. आणि प्रत्येक डब्यात पेशंटसाठी एक चिठ्ठी जाईल : कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नको, वाकते. बसवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, ‘‘ही माझ्या कोणत्या दातावर टेकते?’’