हवालदार

आमचा हवालदार गेल्या माघात गेला. त्याच्यामागे काही लिहून ठेवावे अशी माझी तजवीज नव्हती, कारण ज्याने उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरात परक्यांच्या जमिनींचे दाखले उतरवण्यात घालवली, त्याला घरच्या मुक्या जनावराविषयी लिहिताना आरंभ कोठून करावा हेच सुचत नाही; परंतु पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आमची ताई परवा बाजेवरून म्हणाली, "अण्णा, माझ्या मुलीला हवालदार दिसायचा नाही. तो कसा होता ते तुम्हीच लिहा. तुमचा नि त्याचा स्वभाव एकच होता." या शेवटच्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला, आणि मग दौत पुढे ओढली.

हवालदार हे नाव माझ्या आईने ठेवले. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दिंडीपाशी तो लहानपणापासून ज्या गांभीर्याने बसे, ते पाहून तिला दुसरे नाव सुचलेच नाही. त्याच्या इतर गुणावगुणांचे वर्णन मी करीत नाही. चारचौघा कुत्र्यांसारखाच तो होता. मात्र त्याची एक सवय अशी होती की, तिच्याभोवती आमच्या घरातल्या येण्याजाण्याची सारी रीतच बांधली गेली. रोज बाहेर पडणाऱ्याकडे तो ढुंकूनही पाहत नसे. मी कचेरीत जावे, माझ्या मुलाने, बापूने, कॉलेजात जावे, बापूच्या आईने मंडईत जावे, त्याचे त्याला सोयरसुतक नसे. परंतु माळ्यावरची वळकटी खाली आली किंवा ट्रंकेच्या कडीचा आवाज झाला, की तो उठे, उंबऱ्याजवळच्या जोड्यांतून नेमकी प्रवासाला निघालेल्या माणसाचीच एक वहाण शोधून काढी, आणि ती तोंडात धरून जिन्याखालच्या काळोख्या जागेत जाऊन बसे. वहाणेला तो दात लावीत नसे. अंगठ्याच्या पट्ट्याला थोडा ओलावा आलेला असे, इतकेच. तिच्यावर हनुवटी टेकून, डोळे मिटून, पण कान उभे ठेवून तो पडून राही.

ती वहाण हिसकावून घ्यायची नाही, मागून घ्यायची, असा आईचा सक्त हुकूम होता. जिना ठेंगणा असल्यामुळे कितीही ताठ मानेच्या माणसाला तेथे वाकावेच लागे. आत शिरून त्याच्या मस्तकावरून हात फिरवावा, "हवालदार, येतो रे" असे म्हणावे, क्षणभर थांबावे, म्हणजे तो हनुवटी उचली. पाहुणे प्रथम रागावत, मग हसत, आणि पुढच्या खेपेस जिन्याखाली गेल्यावाचून निघाल्यासारखे वाटत नाही असे आपण होऊन सांगत.

शके 1883, प्लव संवत्सर, हे आमच्या घराला अनेक अर्थांनी जड गेले. पण त्याचा आरंभ शुभ होता. वैशाखात ताईचे लग्न झाले. पाठवणीच्या वेळी बाहेर टांगे उभे होते, व्याही दिंडीपाशी खोळंबले होते, आणि शालू नेसलेली आमची मुलगी एका पायातली चप्पल मागण्यासाठी जिन्याखाली गुडघे टेकून बसली होती. ती तेथे बराच वेळ होती. काय बोलली ते कोणास ऐकू आले नाही, आणि तिला हाक मारण्याचा धीर माझ्यासकट कोणालाच झाला नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या मुंडावळीला जळमट लागले होते. ते आईने आपल्या थरथरत्या बोटांनी काढले. लगोलग अधिक ज्येष्ठ आला, आणि नव्या जावयाला 33 अनारशांचे वाण पोचते झाले.

जूनअखेर मी वयाची 55 वर्षे पुरी करून सेवानिवृत्त झालो. ज्या आठवड्यात कचेरीने शाल-श्रीफळ दिले, त्याच आठवड्यात बापू इंटरला नापास झाल्याचे कळले. त्याने ऑक्टोबरच्या परीक्षेला पुन्हा बसावे असे मी सांगितले. कोयनेच्या प्रकल्पावर कारकुनाची जागा मिळते आहे, ती मी धरतो, असे तो म्हणाला. त्यानंतर आम्हा दोघांतले बोलणे त्याच्या आईच्या मार्फत होऊ लागले.

12 जुलै हा बुधवार होता आणि अमावास्या होती. पानशेतचे धरण फुटले अशी आवई सकाळीच उठली. आदल्या रात्री लष्कराचे जवान तेथे वाळूची पोती रचीत होते, हे आम्हांला मागाहून कळले; त्या घटकेला मात्र सरकारी हुकूम आल्यावाचून घर सोडण्याचे कारण नाही, असे माझे म्हणणे होते. बापू घाटाकडून धावत आला आणि लकडी पुलाला पाणी लागल्याचे त्याने आपल्या आईला सांगितले. मी उठलो. ट्रंक ओढली, तिची कडी वाजली, आणि हवालदाराने आपले कर्तव्य केले: माझा एक पंपशू उचलून तो जिन्याखाली गेला.

बापूने आजीला पाठुंगळीस घेऊन शुक्रवार पेठेतल्या माझ्या मावसभावाकडे पोचवले आणि हवालदाराला आणण्यासाठी तो उलट फिरला. तो चौकात शिरला तेव्हा पाणी दिंडीतून आत येत होते. मी त्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर काढले. आज तोच प्रसंग पुन्हा आला तरी मी तेच करीन. परंतु जिन्याखालून आलेले ते एकच भुंकणे मी ऐकले होते आणि त्यानेही ऐकले होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मागून खडकवासल्याचे धरणही गेले.

त्या रात्री दिवे नव्हते. परक्या घराच्या ओसरीवर बसलेल्या आम्हां माणसांना एकमेकांची तोंडे दिसत नव्हती, आणि ते एका परीने बरेच होते. नदीच्या बाजूने मधूनमधून धप्प असा आवाज येई. मातीच्या जुन्या भिंती भिजून बसत होत्या. प्रत्येक आवाजानंतर आई विचारी, "हा आपला का रे?" मी "नाही" म्हणे. मला काय ठाऊक असणार? तरी दर वेळी मी निश्चयाने "नाही" म्हणत होतो, आणि तीही दर वेळी ते प्रमाण मानून गप्प होत होती. तिने पाण्याचा घोटही घेतला नाही. त्या प्राण्याचे काही कळल्यावाचून घेणार नाही, एवढेच ती म्हणाली. उत्तररात्री बापू उठला. "कोठे?" असे मी विचारले. कित्येक दिवसांत मी त्याच्याशी थेट बोललेला तो पहिला शब्द. तो खाली बसला. पण उजाडताच, मला न विचारता, गेला.

वाड्याची पुढची बाजू पडली होती. मागची उभी होती, आणि तिच्यातला जिनाही. सर्वांत वरच्या पायरीवर, शेपटीपर्यंत चिखलाने माखलेला हवालदार बसला होता, आणि त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये माझा पंपशू होता. बापूने त्या दोघांना छातीशी धरून शुक्रवारात आणले. आईने प्रथम कुत्र्याला पाणी पाजले आणि मग स्वतः घेतले.

पुढे पंचनामे झाले, गाळ उपसला गेला, नळ कोरडे असल्यामुळे विहिरींवर रांगा लागल्या. उरलेल्या दोन खोल्यांत आम्ही परत राहू लागलो. आईने मात्र अंथरूण धरले, आणि श्रावणात ती गेली. तिला बाहेर नेण्याची तयारी चालली असता हवालदार उठून उंबऱ्याशी आला. त्याने एकेक जोडा हुंगला. आई वैधव्यापासून अनवाणी राहिली होती. तिची वहाण तेथे असणार कोठून? तो रिकाम्या तोंडाने जिन्याखाली गेला, परत आला, पुन्हा सारे जोडे हुंगले, पुन्हा गेला. शेवटी बापूने आपली चप्पल काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने तिला तोंड लावले नाही.

गौरीगणपती होताच बापूला कोयनानगर येथे रुजू होण्याचा हुकूम आला. तो निघाला त्या पहाटे मी जिन्याच्या खालच्या पायरीवर पेन्शनचे कागद घेऊन बसलो होतो. त्याची एक कोल्हापुरी वहाण जिन्याखाली गेली होती, आणि ती मागायची तर माझ्या गुडघ्यांपाशी वाकणे प्राप्त होते. तो दारातच उभा राहिला. "हवालदार, इकडे आण," असे त्याने दोनदा म्हटले. हवालदार हलला नाही. मीही सरकलो नाही. पूरग्रस्तांच्या मदतीत मिळालेले कॅनव्हासचे बूट पायांत घालून बापू गेला.

ती वहाण हवालदाराने माघापर्यंत सांभाळली. दिवाळीच्या साफसफाईत मी ती काढू पाहिली, तेव्हा बापूची आई, जी मला एरवी उलट शब्द बोलत नाही, म्हणाली, "तिला हात लावायचा नाही. ज्याची आहे तो मागून नेईल." अखेरच्या दिवसांत हवालदाराचे मागचे पाय लुळे पडले आणि तो अंगणातल्या उन्हात पडून राहू लागला, तेव्हा तिनेच ती वहाण नेऊन त्याच्याजवळ ठेवली.

तो गेल्याचे कार्ड मी स्वहस्ते बापूला टाकले. रजा घेऊन तो आला. जेथे हवालदाराला पुरले होते तेथे आम्ही दोघांनी दगडांची वर्तुळाकार मांडणी केली, ताईची मुलगी त्याने मांडीवर घेतली, आणि पगारातून साठवलेली रक्कम आपल्या आईच्या हातावर ठेवली. ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज मी मागवून ठेवला आहे. त्याने परीक्षेस बसावे हे माझे मत कायम आहे. पण या खेपेस ते मी त्याला समोर बसवून, माझ्या तोंडाने सांगितले, आणि तो "बघतो, अण्णा" असे म्हणाला.