मुलुंडच्या गच्चीवरचा ओळंबा

नरकचतुर्दशीला पहाटे पाचला अभ्यंगस्नानाचा पहिला मान दुसऱ्याला देऊन मी नातीसह गच्ची गाठली. हातात गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा.

"आजोबा, घर बांधताय?"

घर कसले, पिरॅमिड!

पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर काळेभोर. ईशान्येला सप्तर्षी वर आले होते, शेपूट खाली. शेपटातला मधला तो वसिष्ठ. त्याच्या शेजारची अरुंधती काही धुरकटीत दिसेना. लग्नात भटजी नवरानवरीला दाखवतात ती हीच. (आमच्या वेळी दुपारचे दोन वाजले होते, आम्ही मुकाट्याने "दिसली" म्हणालो.)

हाच वसिष्ठ इजिप्तच्या गवंड्यांच्या कामी आला असावा, असा तर्क केट स्पेन्स या केंब्रिजच्या विदुषीने २००० साली मांडला. गीझाचा थोरला पिरॅमिड खऱ्या उत्तरेपासून ढळला आहे तो अंशाच्या जेमतेम पंधराव्या भागाने. आणि साडेचार हजार वर्षांपूर्वी तर आजचा ध्रुव उत्तरेला नव्हताच! पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एका फेरीला सुमारे २६,००० वर्षे. मग उत्तर शोधावी कशी? ध्रुवबिंदूच्या एका अंगाला वसिष्ठ, दुसऱ्या अंगाला ध्रुवमत्स्यातला कोचाब. फिरताफिरता दोघे एकाखाली एक येऊन ओळंब्याच्या दोरीत बसले, की दोरीखाली उत्तर. आस डुलतच असल्याने ही जोडीही वर्षानुवर्षे कलत गेली, आणि निरनिराळ्या पिरॅमिडांच्या चुका त्याच क्रमाने बदलताना दिसतात, हा स्पेन्सबाईंचा हुकमी पत्ता. त्यावरून त्यांनी थोरल्या पिरॅमिडाचा काळ इ. स. पू. २४८० च्या सुमारास धरला. बेलमोंते यांनी २००१ साली सप्तर्षींतलेच अत्री आणि पुलस्त्य पुढे केले. कोणी विषुवदिनाच्या सावलीवर भिस्त ठेवतात. वाद मिटलेला नाही. माझे मत वसिष्ठाला; पक्षपात म्हणा हवे तर.

आम्हांला आयता ध्रुव आहे. अर्ध्यापाऊण अंशाने चुकतो, पण चालवून घ्यायचे. कपडे वाळवायच्या बांबूला ओळंबा टांगला, दोरीत ध्रुव धरला. आमच्या इमारतीची भिंत दोरीशी चांगलीच फटकून होती. बांधणाऱ्याने रस्ता पाहिला, आकाश नव्हे.

मुंबईचा अक्षांश १९, म्हणून ध्रुवही क्षितिजावर तेवढाच, १९ अंश. उत्तरेला २०० मीटरवर नवा टॉवर चढतो आहे. आमच्या गच्चीहून ७० मीटर वर गेला, की ध्रुव झाकला. क्रेनचा तांबडा दिवा त्याच्या वीतभर खाली लुकलुकत होता.

"पुढच्या दिवाळीला मग?" नातीने विचारले.

मी दोरी स्थिर होण्याची वाट पाहत होतो. तेवढ्यात खालून हाक आली : पाणी निवतंय!