लातूरच्या पाण्याचा जमाखर्च

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूर स्थानकात येऊन पोहोचली. राजस्थानातील कोटा येथे वाफेने धुऊन काढलेले टाक्यांचे दहा डबे, प्रत्येकी पन्नास हजार लिटर. एकूण पाच लाख लिटर कृष्णेचे पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर ओलांडून आले होते. देशभर त्या गाडीची छायाचित्रे झळकली. आमच्या सासऱ्यांनी मात्र सायंकाळी आडतीवरून आल्यावर जुन्या पावतीच्या पाठीवर भागाकार मांडला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची लोकसंख्या ३,८२,९४०. उत्तर निघाले माणशी सव्वा लिटर. “एक तांब्या,” ते म्हणाले आणि त्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली.

पुढे पन्नास डब्यांच्या, पंचवीस लाख लिटरच्या गाड्या येऊ लागल्या, तरी हिशोब माणशी साडेसहा लिटरांवरच थांबत होता. गाडीने धीर दिला हे खरे, आणि ते लहान काम नव्हे. पण शहर जगले ते मुख्यतः डोंगरगाव, भंडारवाडी, माकणी येथून टँकरने ओढून आणलेल्या पाण्यावर आणि जमिनीच्या पोटात उरलेल्या चार थेंबांवर. मार्च महिन्यातच पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदीचे कलम १४४ लागू झाले होते. पाण्यासाठी माणसे एकमेकांवर धावून जातील, ही शंका सरकारी कागदावर उमटलेली पाहून मन विषण्ण झाले.

धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. पावसाने सलग ओढ दिली, हे कारण सर्वांच्या तोंडी होते. परंतु त्याच मांजरेच्या खोऱ्यात उसाचे मळे आणि साखर कारखाने उभे आहेत, आणि शहरात घरोघरी बोअर आहेत, हेही तितकेच खरे. सहाशे फुटांखालचे पाणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची मुद्दल. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर दुकाने थाटलेल्या आम्हा व्यापाऱ्यांना व्याज आणि मुद्दल यांतला भेद सांगावा लागत नाही. असे असता पाण्याच्या बाबतीत आम्ही कोणीच ती वही कधी उघडली नाही.

आमच्या भागात आठवड्यातून एकदा टँकर येई. घरटी दोनशे लिटर. आम्ही सात माणसे. म्हणजे दिवसाला माणशी चार लिटर. भांडी राखेने घासून कापडाने पुसून घेणे, स्नानाऐवजी ओल्या पंचाने अंग पुसणे, कपडे धुतलेले पाणी पुन्हा शौचालयासाठी, हे सारे लवकर अंगवळणी पडले. शिकवणीसाठी आलेली मुले गावोगाव परत गेली. पुण्याच्या नणंदबाईंना “या सुट्टीत येऊ नका” असे कळवताना माझ्या हाताला कंप सुटला. माहेरवाशिणीला असा निरोप आमच्या घरातून पूर्वी कधी गेला नव्हता.

खरा पेच सासूबाईंपुढे पडला. पाणी गाळल्यावर गाळण्यातील जिवाणी जिथले पाणी तिथेच परत सोडायची, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. वाड्यातल्या आडाला पाणी होते तोवर प्रश्नच नव्हता. आता आड कोरडा, आणि पाणी कधी टँकरचे, कधी कृष्णेचे. यजमान म्हणाले, “आई, औषध घालून शुद्ध केलेले पाणी आहे हे. यात जीव कुठून उरणार?” त्या शांतपणे म्हणाल्या, “नसतील तर फार बरे. पण असतील तर ते वाळून मरायला नकोत.” त्यांनी दोनशे लिटरांतून एक घडा बाजूला काढून अंगणातल्या सावलीत ठेवला आणि जिवाणी त्यात सोडू लागल्या. एका घड्यावरून घरात कुरबुर झाली. धाकटे दीर तर स्पष्टच बोलले. सासूबाईंनी त्या दिवसापासून स्वतःच्या वाट्याचे चार लिटर तीनवर आणले. मग कोणी बोलले नाही.

आमच्या गल्लीत एका गृहस्थांच्या बोअरला तेवढे पाणी टिकून होते. ते टँकर भरून विकू लागले आणि भाव दर आठवड्याला चढत गेला. त्यांना नावे ठेवणारे पुष्कळ होते. तूर चढली की आम्हीही चढ्या भावानेच विकतो, हे सासऱ्यांनी त्या लोकांना ऐकवले. पण स्वतः त्या गृहस्थांकडे जाऊन ते तासभर बसले. काय बोलणे झाले ते दोघांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते सात त्यांच्या फाटकाबाहेर एक नळ फुकट सुरू झाला. बाकीचा वेळ टँकर भरतच होते. मला तो तोडगा अपुरा वाटला, आजही वाटतो. परंतु त्या नळावर मोलकरणींच्या घागरी भरत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस असा कोसळला की मांजरा धरण भरले. आम्ही गच्चीचे पाणी नळीने आडात सोडण्याची सोय करून घेतली. सासूबाईंनी अंगणातला घडा त्याच आडात रिता केला. त्या दिवाळीत गल्लीत तीन नव्या बोअर पाडल्या गेल्या. यंत्राचा आवाज रात्री उशिरापर्यंत येत होता.